ओट्यावरची रेंज

भादवा आला की आमच्या हिवरखेडात आधी वास बदलतो. मूग घरात आलेला असतो, उडीद ओट्यावर पसरलेला असतो. त्यावर एखादी सर येऊन गेली की ओल्या शेंगांचा कुबट-गोड वास घरात शिरतो आणि चार दिवस जायचं नाव घेत नाही. उत्तरेला सातपुडा एवढा जवळ सरकतो की हात लांबवला तर बोटाला हिरवा रंग लागेल. कुंपणाशी अघाडा उभा असतो. त्याला कोणी पेरत नाही बापा, तो आपला आपण येतो.

परवा महालक्ष्म्यांची पेटी माळ्यावरून खाली काढली. मागच्या साली अक्काचं वर्ष व्हायचं होतं म्हणून त्या बसवल्या नाहीत. म्हणजे दोन वर्षं त्या पेटीतच. झाकण उघडलं तर दोन पितळी मुखवटे जुन्या धोतराच्या फडक्यात, गालाला गाल लावून. काळवंडलेले, पण डोळे तसेच टक्क उघडे. त्यांना पापण्या नसतात, हे मला माहीत का नव्हतं? पन्नास वर्षं चिंचेनं घासते आहे मी ते चेहरे. पण दोन वर्षं अंधारात त्या उघड्या डोळ्यांनी पडून होत्या, हे मनात आलं आणि मी झाकण पुन्हा लावलं. मग चहा केला, प्यायले, आणि मग उघडलं.

अक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण आणि माझी मोठी जाऊ. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. तिला मूलबाळ झालं नाही. माझी जयू तिनंच वाढवली, जयू तिला मोठीआई म्हणायची. भासरे, म्हणजे अक्काचे यजमान, गेले तरी महालक्ष्म्या घरात आणायचा मान अक्कानं सोडला नाही. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "त्या दोघी बहिणी बहिणी येतात. त्यायचे नवरे पाह्यले का कोणी कधी?"

आमच्याकडे आणायची रीत अशी. एकीनं मुखवटे सुपात घेऊन उंबरठ्याबाहेर उभं राहायचं, एकीनं आतून ताट वाजवत विचारायचं.

"कोण आली?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

आणि तिसरा सवाल आमच्याच घरातला, आमच्या सासूनं लावून दिलेला: "राहाले आली का जायाले आली?" त्यावर बाहेरचीनं "राहाले आली" म्हणायचं आणि मग उजवा पाय आत टाकायचा. विचारल्याबिगर आत यायचं नाही. बाहेर नेहमी अक्का, आत नेहमी मी. सुपातही मोठी पुढं, धाकटी मागं. सगळ्या गोष्टीत मोठी आधी. लहानपणी न्हाणीघरातसुद्धा.

त्या वर्षी मी आत नव्हतेच. मी कॅनडात होते, हॅलिफॅक्स नावाच्या समुद्राकाठच्या गावात. जयूचं बाळंतपण होतं. यांना आणि मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. निघताना अक्का ओट्यावर उभी. मी म्हटलं, "येतो वं आमी." ती म्हणाली, "या. पण महालक्ष्म्यायले आत कोण घेईन?" मी म्हटलं, "मीच घेईन, फोनवरून." हसत म्हटलं होतं. ती मात्र हसली नव्हती. "मंग ठीक आहे," म्हणाली, "मी उभी राहीन."

जयूचं घर म्हणजे एक खोली आणि अर्धी. नव्यानंच राहायला गेलेले, इंटरनेटची लाईन यायची होती. जयूच्या फोनवरून बोलता यायचं, पण बाळ झोपलं की बोलायची सोय नाही. आमचा वऱ्हाडी आवाज म्हणजे शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोलायचा. मी "अक्का, आयकू येते का?" म्हटलं की बाळ दचकून उठायचं. शेवटी जयूनंच रस्ता दाखवला. दोन गल्ल्या सोडून कॉफीचं दुकान आहे, एक कॉफी घे, बिलाच्या चिठ्ठीवर नंबर छापलेला असतो, तो फोनमध्ये टाक, दोन तास नेट चालतं.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा धुकं होतं. धुकं आम्हालाही माहीत आहे, पौषात तुरीवर उतरतं तसं. पण हे समुद्रावरून चालत आलेलं. समोरची माणसं धुक्यातून आधी पायांनी दिसायची, मग पोटानं, चेहरा सगळ्यात शेवटी. आणि दूर बंदरातून जहाजाचा भोंगा. तो ऐकला की वाटायचं, कोणीतरी आपल्याला विचारतंय आणि आपण काही उत्तर देत नाही आहोत.

दुकानात गल्ल्यावरच्या बाईनं नाव विचारलं. मी म्हटलं, "नलू." तिनं पेल्यावर लिहून घेतलं. मी कोपऱ्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं तिकडून हाक आली, "नलू!" मी उठले नाही. आता तुम्ही हसाल. पण आमच्या आईनं शिकवलेलं आहे, परक्या ठिकाणी कोणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. एकच हाक मारणारं दुसरंच काही असतं. दुसरी हाक आली तरी मी जागची हलले नाही. तिसरीला उठले. कॉफी निवली होती. रोज निवायची. ती बाई चांगली होती, तिला वाटलं मला कमी ऐकू येतं. पुढं पुढं ती आपणहून तीनदा हाक मारायला लागली.

त्या दुकानात कोणी बोलत नसे. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या पुढं उघडी पेटी, आणि तिचा उजेड तोंडावर. माझ्यासारखे परदेशातले पुष्कळ, कोणाच्या कानात काय, कोणाच्या ओठांवर काय. काळे कोट खुर्च्यांच्या पाठीला टांगलेले. बाहेर धुकं, आत अंधुक. माणसं दिसायचीच नाहीत, नुसते उजळलेले चेहरे आणि खाली रिकामे कोट. मला आमच्या महालक्ष्म्या आठवल्या, लोखंडी कोठीवर मुखवटा चढवलेला असतो आणि लुगडं नेसवायचं राहिलेलं असतं तशा. त्या वेळी त्यांच्याकडे पाहू नये म्हणतात. मी पाहत नसे. चिठ्ठीवरचा नंबर घालायची आणि अक्काला लावायची.

तिकडं आमच्या शेजारच्या शमीमभाभी फोन उचलून अक्काच्या हातात देत. अक्काला हिरवं बटण तेवढं माहीत. "दिसली, दिसली! अवं, तोंड काहून सुकलं तुहं? जेवू घालत नाही का पोरगी?" मी म्हणायची, "इथं सगळं भेटते, फक्त ज्वारीची भाकर भेटत नाही." ती म्हणायची, "मंग काय भेटते?" तिच्या कपाळाचा अर्धा भागच दिसायचा. मागं ओटा, ओट्यावर कोंबडी. इकडं सकाळ, तिकडं दिवस कलायला आलेला. साडेआठ तासांचा फरक. मला जो दिवस अजून जगायचा होता, तो अक्काचा होऊन गेलेला असायचा. हे मला रोज जरासं भ्यायला लावायचं.

मग तो दिवस आला. मुहूर्त हिवरखेडातला संध्याकाळी साडेपाचचा, म्हणजे हॅलिफॅक्सला सकाळचे नऊ. आता माझी चूक ऐका. आम्ही तेल्हाऱ्याची गाडी धरायची म्हणजे तास-दीड तास आधी फाट्यावर जाऊन उभी राहणारी माणसं. दुकान उघडल्याबरोबर मी जाऊन बसले, सातही वाजले नव्हते. कॉफी घेतली, चिठ्ठी घेतली, नंबर टाकला. पिशवीत जयूच्या घरातलं स्टीलचं ताट आणि चमचा. साडेआठच्या सुमारास फोन लागला. शमीमभाभींनी आतल्या खोलीच्या खिडकीच्या फळीवर फोन उभा करून ठेवला. खिडकीत एक-दोन काड्या रेंज यायची. "दीदी, दिखरा ना?" मला सगळं दिसत होतं: धुतलेली फरशी, रांगोळीची पावलं, दोन रिकाम्या कोठ्या, समई. अक्का सूप घेऊन बाहेर गेली. भाभी आपल्या अंगणात निघून गेल्या.

नऊ वाजेपर्यंत मी त्या रिकाम्या खोलीकडं पाहत बसले. पडद्यावर वर कुठंतरी बारीक इंग्रजी अक्षरं आली होती. मी वाचत बसले नाही. माझी नजर समईवर. ज्योत अगदी स्थिर होती. मला बरं वाटलं, म्हटलं, वारा नाही, चांगलं आहे.

नवाला मी ताट वाजवलं. एकदम सगळ्या दुकानानं माना वर केल्या. वीस-पंचवीस चेहरे माझ्याकडं. कोणी रागावलं नाही, कोणी हसलं नाही. मला लाज वाटायला हवी होती. पण मी विचारलं,

"कोण आली?"

थोडं थांबून आवाज आला. "महालक्ष्मी आली." घोगरा होता. मला वाटलं, अक्काचा घसा बसला.

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

"राहाले आली का जायाले आली?"

"राहाले आली."

मी फोनला हात जोडले, ताट पिशवीत ठेवलं, आणि निवलेली कॉफी तीर्थासारखी घोटभर प्यायले. माना खाली गेल्या होत्या. मग लक्षात आलं, अक्का अजून खोलीत आलेली दिसत नाही. ज्योत हलत नाही. मी बटण दाबलं, फोन लागेना. गल्ल्यावरच्या बाईकडं घेऊन गेले. तिनं चिठ्ठी पाहिली, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, बोटांनी दोन तास मोजून दाखवले. माझी चिठ्ठी आठ पन्नासलाच संपली होती. मी जे पाहत बसले होते ते थिजलेलं चित्र होतं.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन लागला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अवं, इचारलं काहून नाही तू?"

"इचारलं ना! तू बोलली ना अक्का, राहाले आली म्हणून!"

"मी?" अक्का म्हणाली. "मी सूप घेऊन उभी. हात भरून आले. तुहा आवाज नाही, ताट नाही. दिवेलागण झाली तरी उभी."

मागून शमीमभाभी म्हणाल्या, "दीदी, सच्ची बोलरी अक्का. लाइट गई थी ना, फोन की चार्जिंग सवा पाँच कोच खतम हो गई. मैंने खुद देखा, काला पडा था."

"मंग तू आत कशी गेली?" मी अक्काला विचारलं.

"गेली अशीच. देवायले बाहेर किती वेळ ठेवता? त्यायले आत नेऊन ठेवलं." आणि मग हसून म्हणाली, "पण मले कोणी आत घेतलं नाही वं. मी आपली बाहेरच आहो."

चेष्टाच होती ती. अक्काला एक चेष्टा सापडली की ती चार महिने वापरायची. त्यानंतर दर फोनला शेवटी तेच: "ठेवतो मी. मी बाहेरच आहो, ध्यानात ठेवजो." आणि खरंच, त्या दिवसानंतर मला अक्का कधी घरात दिसलीच नाही. जेव्हा फोन लावावा तेव्हा ओट्यावर. दसरा झाला, दिवाळी झाली, कपाशी फुटली, मागं ओट्यावर कापसाचा ढीग दिसायला लागला, थंडी पडली. अक्का घोंगडी घेऊन ओट्यावरच. मी म्हणायची, "अक्का, आत जाय ना बाई." ती म्हणायची, "आत रेंज नाही येत बापा. तुहा फोन आला अन् लागला नाही तं?"

जयूच्या घरी लाईन आली होती तोवर. पण मी दुकानात जायचं सोडलं नाही. बर्फ पडला तरी जायची. दोन तासांची चिठ्ठी घ्यायची, आणि आता घड्याळ समोर ठेवायची. ती बाई हाका मारायची, नलू, नलू, नलू. मी दर वेळी अक्काला आधी एकच विचारायची, "बोल, ज्योत हालते का?" तिला काही कळायचं नाही. "कोणाची ज्योत?" म्हणायची. तिचे ओठ हलताना दिसले की मला धीर यायचा.

ती पौषात गेली. छातीत थंडी भरली होती, कोणाला सांगितलं नव्हतं. शमीमभाभींचा फोन मला त्याच दुकानात आला. तिकडं संध्याकाळी त्या दूध द्यायला गेल्या, तर अक्का ओट्यावर, घोंगडीत, भिंतीला टेकून. फोन मांडीवर. मी ऐकून घेतलं आणि वर पाहिलं. सगळे उजळलेले चेहरे आपापल्या पेटीत पाहत होते. माझा कोट माझ्या खुर्चीच्या पाठीला टांगलेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की दारातून येणाऱ्याला मीही तशीच दिसत असणार.

आम्ही परतलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. अकोल्याहून गाडीनं येताना हे म्हणाले, "ओटा धुवून घेतला असंन लोकायनं." मला एकच डाचत होतं, आजही डाचतं. थंडीनं गेली म्हणतात सगळे. पण ती थंडीत बसली कशापायी? माझ्या फोनपायी. आणि मी सात वाजायच्या आधी जाऊन बसले नसते, आठला गेले असते, तर त्या दिवशी मी तिला नीट विचारलं असतं, ती उजवा पाय टाकून आत आली असती. तिकडचा फोन सव्वापाचलाच बंद पडला होता, हे कळतं. पण मनाला कोण समजावणार?

तो आवाज कोणाचा होता, यावर मी दोन वर्षं विचार केला. शहाण्या माणसासारखा विचार केला. पन्नास वर्षं जे ऐकलं ते कानात मुरलेलं असतं. विचारलं की कानच उत्तर देत असतील. घोगरा आवाज माझ्याच छातीतून आला असेल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की जवळजवळ पटलं होतं. जवळजवळ म्हणते. कारण ओट्यावर अजूनही मी पाठ टेकून बसत नाही, आणि तिन्हीसांजेला दार लावताना मागं वळून पाहत नाही.

या साली महालक्ष्म्या बसवायच्या ठरल्या तशी जयू तिकडून म्हणाली, "आई, आत कोण इचारणार?" घरात आता हे आणि मी. यांना ऐकू येत नाही, ते देवापाशी बसून घंटा हलवणार. बाहेर मुखवटे घेऊन मलाच उभं राहावं लागणार. जयू म्हणाली, "मी इचारतो. फोन आत ठेव." मागच्या उन्हाळ्यात तिनं इथं तारेचं नेट घेऊन दिलं आहे, आता घरात कोपऱ्याकोपऱ्यात रेंज आहे. देवघरात सुद्धा. अक्काला हे दाखवायचं राहिलं.

कालचीच गोष्ट. सोळा भाज्या निवडून झाल्या होत्या, आंबिलीचं पीठ भिजलं होतं, फुलोरा टांगला होता. पावलं काढली. शमीमभाभींनी फळीवर फोन उभा केला, या खेपेला चार्जरची वायर लावून. जयू पलीकडून म्हणाली, "दिसते, दिसते. आई, मी कुठं बसली ओळख." तिनं फोन फिरवला. तेच दुकान. तोच कोपरा. मागं धुकं. बाळ झोपलं होतं ना घरी, म्हणून तिथं येऊन बसलेली. मी विचारलं, "चिठ्ठी कधीची आहे?" ती म्हणाली, "आत्ताच घेतली वं, पूर्ण दोन तास आहेत. मोठीआईची शप्पथ."

मी सूप घेऊन बाहेर आले. मोठी पुढं, धाकटी मागं. शमीमभाभी माझ्या बाजूला ओट्याच्या पायरीशी उभ्या. आतून घंटा सुरू झाली. मग फोनमधून चमच्याचा आवाज आणि जयूचा, अगदी स्वच्छ:

"कोण आली?"

मला उत्तर देता आलं नाही. किती साधं वाक्य आहे, दोन शब्दांचं. पण ते मी कधी म्हटलेलं नाही. ते म्हणणारी नेहमी दुसरीच. मला वाटलं, मी म्हटलं तर ती जागा माझी झाली, मग अक्का कुठं उभी राहील? मी ओठ मिटून नुसती उभी.

आतून जयू म्हणाली, "कशाच्या पावलानं आली?"

मी शमीमभाभींकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत होत्या. त्यांनी पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "दीदी, तुमने तो मुँह भी नहीं खोला."

घंटा वाजत होती. ओट्यावर उडदाच्या शेंगांचा वास होता.

"राहाले आली का जायाले आली?" जयूनं विचारलं. मग क्षणभर काही नाही. मग तिचा हसरा, मोठा आवाज आला, "मंग ये ना आत! आई, घसा बसला का वं तुहा? केवढा घोगरा आवाज येऊन राहिला."

मी उजवा पाय उचलला होता. तो पुन्हा खाली ठेवला, सूप छातीशी घेतलं आणि उंबरठ्यावरून जरा बाजूला सरकले.

मोठी आधी आत जाते.